अर्धी तोफ सकाळी, अर्धी दुपारी

शेवट आधी सांगून टाकलेला बरा, म्हणजे कुणाच्या जिवाला घोर नको. पलटणीचा इतिहास छापून आला, भांडण मिटलं, आणि समोरच्या सलूनवाल्याने पांढरा टॉवेल हलवून बिनशर्त शरणागती पत्करली.

आता यातलं काहीही झालेलं नाही असं धरा. इतिहासाचा एक शब्द लिहून झालेला नाही. भांडण अजून सुरूही व्हायचंय. आणि सलूनवाला, ज्याला आपण युद्धात आहोत याची सुतराम कल्पना नाही, एका गिऱ्हाइकाच्या मानेवर पावडर मारतोय. रविवारची दुपार आहे. गादीवाल्या वहिनींच्या पुढच्या खोलीत खुर्च्या एका ओळीत मांडल्या आहेत आणि त्यांची तोंडं खिडकीकडे आहेत.

आठवडाभर ही खोली म्हणजे दुकान. गाद्या, उशा, तक्के, जे भरून हवं ते. रविवारी वहिनी कापसाचे गठ्ठे भिंतीला सारायच्या, अर्धवट भरलेली गादी कपाटामागे उभी करायच्या, दाभण आणि दोरा खिडकीच्या फळीवर ठेवायच्या आणि खुर्च्या मांडायच्या. कितीही झाडलं तरी कापसाचे तंतू उडतच राहायचे. या घरातून बाहेर पडणारा माणूस म्हातारा नसला तरी भुवयांवरून म्हातारा दिसायचा. येणारे तसेही म्हातारेच होते, त्यामुळे कुणाचं फारसं नुकसान होत नव्हतं.

बसण्याचा क्रम तोफेचा होता. तोफ अर्थात खोलीत नव्हती. ती पलटणीच्या फाटकापाशी रंग लावून उभी करून ठेवली होती आणि तिच्या तोंडात चिमण्यांनी संसार थाटला होता. पण तोफेची माणसं होती, आणि तोफखान्यातल्या माणसाला एकदा तोफेपाशी जागा मिळाली की ती जन्माची. लग्नात, दवाखान्यात, बागेतल्या बाकावर, हे लोक त्याच क्रमाने बसत. डाव्या टोकाला उस्ताद, तोफेचे प्रमुख, हुकूम देणारे. त्यांच्या शेजारी नेम्या, जो दुर्बिणीला डोळा लावून नेम धरायचा. पार उजव्या टोकाला पैलवान, जो गोळे उचलून आणायचा आणि आता चहाचा कप दोन्ही हातांनी उचलायचा. त्याच्या अलीकडे दरवान, ज्याचं काम तोफेचं मागचं दार उघडणं आणि लावणं. आणि मधोमध गोळा आत सारणारा माणूस. म्हणजे वहिनींचे हे.

तोफखान्याची अडचण अशी, की तोफ बोलते. डावीकडे उभ्या राहणाऱ्याचा उजवा कान तोफेकडे, म्हणून त्याचा उजवा जातो. उजवीकडच्याचा डावा जातो. उरलेला कान कामापुरता. हे लोक तोफेच्या क्रमाने बसले, की सगळे मेलेले कान आतल्या बाजूला आणि जिवंत कान बाहेरच्या. नेम्याला उस्तादांचं ऐकू यायचं, दरवानाला पैलवानाचं. पैलवानाला फक्त रस्ता ऐकू यायचा. उस्तादांच्या चांगल्या कानाशी कापसाचा गठ्ठा होता, त्यामुळे त्यांना कुणाचंच ऐकू यायचं नाही, पण ते त्यांना नोकरीत असल्यापासून सवयीचं होतं. आणि डाव्यांचं उजव्यांना किंवा उजव्यांचं डाव्यांना? नाव सोडा.

"मग जागा बदला की," पहिल्याच रविवारी वहिनी म्हणाल्या होत्या. "डाव्यांनी उजवीकडे बसा, उजव्यांनी डावीकडे. चांगले कान समोरासमोर येतील."

हे प्रत्येकाच्या कानात जाऊन सांगावं लागलं. सांगून झाल्यावर सगळ्यांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जणू वहिनींनी झेंड्याचा पायपुसण्यासारखा वापर केला होता.

"वहिनी," उस्ताद शेवटी म्हणाले, "तसं केलं तर तोफ उलटी होते. तोंड स्वयंपाकघराकडे."

"मग काय झालं?"

"स्वयंपाकघरात आपली माणसं असतात."

तर तोफ खिडकीकडे तोंड करून राहिली. खिडकीपलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे सलून. शत्रू कुठेतरी हवाच असतो, तो असा बसल्या जागी मिळाला.

आता वहिनींच्या यांची गोष्ट. त्यांचे दोन्ही कान शाबूत होते, आणि याला कारण वहिनी. लग्नानंतर हे पहिल्यांदा पलटणीत परत निघाले, तेव्हा वहिनींनी स्वतःची उशी उसवून मूठभर कापूस त्यांच्या पेटीत भरला होता. "तोफेचा आवाज फार असतो म्हणे," एवढंच म्हणाल्या. पलटणीत हसून हसून लोळण. "बायकोचा कापूस! आता हिला गोळाही गादीत गुंडाळून द्यायला सांग!" पण यांनी तो कापूस कानात घातला, संपला की घरून मागवला, आणि निवृत्त होऊन आले तेव्हा अख्ख्या तोफेवर ऐकू येणारा माणूस एकच होता. वहिनींची उशी मात्र शेवटपर्यंत चपटी राहिली. गादीवालीच्या घरातली उशी, असो.

ऐकू येतं म्हटल्यावर काम अंगावर पडलंच. दर रविवारी हे मधल्या खुर्चीतून उठायचे, खुर्च्यांच्या मागून डाव्या टोकाला जायचे, उस्तादांच्या आणि नेम्याच्या डाव्या कानात उजव्यांचं बोलणं सांगायचे, त्यांचं उत्तर घेऊन मागच्या मागे उजव्या टोकाला जायचे, दरवानाच्या आणि पैलवानाच्या उजव्या कानात ते घालायचे, आणि पुन्हा परत. लाकडी जमिनीवर खुर्च्यांच्या मागे पायवाट पडली होती. त्यावरून त्यांना नाव पडलं टपाल.

टपाल पोचायचं, पण जसंच्या तसं पोचायचं नाही. डावीकडून उस्ताद म्हणायचे, "त्या पैलवानाला सांग, पोट आवर, खुर्ची रडतेय." उजवीकडे पोचायचं, "उस्ताद विचारतायत, तब्येत सांभाळतोस ना?" पैलवानाचे डोळे भरून यायचे. "सांग त्यांना, त्यांच्यासारखा माणूस नाही." डावीकडे पोचायचं तेवढं मात्र जसंच्या तसं.

"खोटं बोलता तुम्ही," वहिनी रात्रीची भांडी आवरताना म्हणायच्या. त्यांना स्वतःला खोटं जमत नव्हतं. गिऱ्हाइकाला सुद्धा तोंडावर सांगायच्या, की गादी जुनी झाली नाही, तुमचं वजन वाढलंय.

"खोटं कुठंय? तू जुनी उशी उसवतेस, गुठळ्या झालेला कापूस पिंजतेस आणि परत भरतेस. कापूस तोच ना? मी पिंजून देतो."

गेल्या थंडीत टपाल गेले. खोकल्याचं निमित्त झालं. पुढच्या रविवारी वहिनींनी खुर्च्या मांडल्या नव्हत्या, तर चौघं दारात येऊन उभे. पैलवानाने खुर्च्या काढल्या, मधलीसुद्धा, आणि क्रमाने बसले. मधली खुर्ची रिकामीच राहिली. पण ती तशीही रिकामीच असायची, टपाल बसायचे कधी? त्यामुळे नुसतं बघणाऱ्याला काही बदललंय असं वाटलंच नसतं. फक्त उस्ताद काहीतरी बोलायचे आणि मग मान जराशी डावीकडे कलती करून थांबायचे. उत्तराची वाट बघत. बऱ्याच वेळाने मान सरळ करायचे.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून हे बघायच्या आणि चहात साखर दोनदा घालायच्या. आठवडाभर त्यांच्या घरात शिवणाचा आणि कापसाचाच काय तो आवाज, आणि कापसाला आवाज नसतो. हा एक रविवार होता, की घरात चार माणसं खोकायची, पाय आपटायची, "वहिनी, अजून एक कप" म्हणायची. हेही बंद पडलं तर काय, हा विचार त्या दाभण घट्ट धरून दाबून टाकायच्या.

अशात एका रविवारी पलटणीतून लेफ्टनंट आला. कोवळा होता. मिशा वाढवायच्या प्रयत्नात होता आणि मिशा त्याला साथ देत नव्हत्या.

"काकू, पलटण आता दुसऱ्या पलटणीत विलीन होणार," तो वहिनींना म्हणाला. "त्याआधी इतिहास लिहून मागितलाय. जे लिहिलं जाईल ते राहील. नाही लिहिलं, ते घडलं नाही असं समजणार."

"सोय आहे," वहिनी म्हणाल्या.

पलटणीचा इतिहास मोठा होता. पूर्वी तिच्या तोफा बैल ओढत, मग घोडे, मग खेचरं, मग ट्रक, आणि ट्रक बंद पडला की माणसं. एका युद्धाला ती इतकी उशिरा पोचली होती, की विजयाच्या संचलनात मात्र सर्वात ताजीतवानी दिसली. एका सेनापतीने तिचं कौतुक केलं होतं आणि मग कळलं होतं की तो शत्रूचा सेनापती होता. हे सगळं लेफ्टनंटला फायलींत मिळालं होतं. त्याला हवा होता तो नदीचा दिवस.

नदीचा दिवस म्हणजे पलटणीचा मान. टोपीवरच्या बिल्ल्यावर पाण्यात उभी असलेली तोफ आहे ती त्याच दिवसाची. माघार चालली होती, सगळी पलटण नदी ओलांडत होती, आणि शेवटची तोफ, म्हणजे या लोकांची, नदीच्या मधोमध थांबून मारा करत राहिली. शेवटचा माणूस पार होईपर्यंत. सरकारी कागदात वाक्य आहे, "सदर तोफेने नदीपात्रात दृढनिश्चयाने ठाण मांडले." नवी भरती झालेली पोरं ते वाक्य पाठ करतात.

दृढनिश्चय वगैरे काही नव्हता. तोफ रुतली होती. हे फक्त या पाच जणांना ठाऊक होतं, आणि त्यांच्या बायकांना, आणि बायकांच्या बहिणींना. लपवण्यासारखंही काही नव्हतं, कारण रुतली तरी तोफ चालवली ती माणसांनीच. प्रश्न एवढाच होता, की आधी कुठलं चाक रुतलं. डावं, जे डाव्यांनी सांभाळायचं होतं, की उजवं, जे उजव्यांनी.

लेफ्टनंट हुशार होता. त्याला शिकवलं होतं की साक्षीदारांना वेगवेगळं विचारायचं. त्याने एका रविवारी डाव्यांच्या चांगल्या कानांपाशी बसून माहिती घेतली, पुढच्या रविवारी उजव्यांच्या. तिसऱ्या रविवारी तो खिडकीला पाठ करून, सगळ्यांच्या समोर उभा राहिला आणि मैदानावर कवायतीला लावतात त्या आवाजात वाचू लागला. खिडकीची तावदानं थरथरली. या खोलीत सगळ्यांना एकच गोष्ट एकाच वेळी ऐकू येण्याची ही पहिलीच वेळ.

"डाव्या बाजूच्या सांगण्यानुसार," लेफ्टनंट गरजला, "उजवं चाक रुतलं, आणि उजव्या बाजूने ते मोठ्या मनाने तेव्हाच कबूल केलं."

दरवान खुर्चीत सरळ झाला. "काय कबूल केलं?"

"उजव्या बाजूच्या सांगण्यानुसार, डावं चाक रुतलं, आणि डाव्या बाजूने ते मोठ्या मनाने..."

"कुणी? मी?" नेम्या उभा राहिला. "मी कबूल केलं? अहो, तुम्ही कबूल केलंत म्हणून तर आम्ही इतकी वर्षं तुम्हाला माफ करत आलो!"

"तुम्ही आम्हाला माफ? आम्ही तुम्हाला!" दरवान ओरडला.

हे त्यांना एकमेकांचं ऐकू गेलं नाही, पण हलणारे ओठ दिसत होते, तेवढ्यावर भागलं. चूक लेफ्टनंटच्या लक्षात आली तोवर उशीर झाला होता. वहिनींच्या आधीच लक्षात आली होती. टपालांनी एक चाक दोन्हीकडे वाटलं होतं. दोन्ही बाजूंना कबुली पोचवली, दोन्ही बाजूंना मोठेपणा दिला, आणि मग आयुष्यभर चालत राहिले, की या दोन बाजूंनी कधी एकमेकांना थेट विचारायला नको.

"काकू, मी काय केलं?" लेफ्टनंट कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

"काही नाही, बाळ. दोन्हीकडचं एकदम वाचलंस."

चौघं गेले. चहा तसाच. पैलवानसुद्धा कप न संपवता गेला, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते समजून घ्या.

पुढच्या रविवारी सकाळी उस्ताद आणि नेम्या आले. आपापल्या जागी बसले, खिडकीबाहेर बघत राहिले आणि जेवणवेळेला उठून गेले. दुपारी दरवान आणि पैलवान आले, आपापल्या जागी बसले. अर्धी तोफ सकाळी, अर्धी दुपारी. समोरचा सलूनवाला संध्याकाळी दुकान बंद करून रस्ता ओलांडून आला.

"वहिनी, सगळं ठीक ना? आज दोन-दोन करून बघत होते माझ्याकडे. चौघं असले की बरं वाटतं, दोघं असले की वाटतं माझ्याबद्दलच काहीतरी बोलतायत."

त्याच्या पुढच्या रविवारी मात्र सकाळी दरवान आणि पैलवान आले. उगाचच. "सकाळी जरा हवा बरी असते," दरवान म्हणाला आणि सारखा दाराकडे बघत राहिला. दुपारी उस्ताद आणि नेम्या. "सकाळी जमलं नाही," म्हणाले, आणि तेही दाराकडे बघत राहिले. नेम्याने विचारलं, "दुपारी कोणी येत नाही का हल्ली?"

"आज सकाळी आले होते," वहिनींनी त्याच्या डाव्या कानात सांगितलं.

नेम्याचा चेहरा इतका पडला की वहिनींना दारामागे जावं लागलं. तिथे त्या जरा हसल्या आणि जरा रडल्या, आणि पदराला लागलेला कापूस डोळ्यांना लागला. चांगली म्हातारी माणसं, पण सगळा पत्ताच चुकलेला. या चौघांना टपाल हवा होता.

तिसऱ्या रविवारचा निरोप वहिनींनी स्वतः चौघांकडे पोचवला. "दुपारी या. खुर्च्यांच्या स्प्रिंगा बदलायला द्यायच्यायत, वजन घेऊन बघायचंय." गाद्यांच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर त्यांना पहिलं खोटं सुचलं ते हे. खुर्च्यांना स्प्रिंगा नव्हत्याच, पण कुणी विचारलं नाही. चौघं आले, लेफ्टनंटही आला, आपलं पाप बघायला. सगळे आपापल्या क्रमाने बसले. मधली खुर्ची रिकामी. डाव्यांनी डावीकडे मान वळवली, उजव्यांनी उजवीकडे.

वहिनींनी हातातली उशी खाली ठेवली आणि खुर्च्यांच्या मागच्या पायवाटेवर पाऊल टाकलं.

पायाला ती जागा खोलगट लागली. पावलं आपोआप पडत गेली, वळायचं कुठे तेही जमिनीला ठाऊक होतं. उस्तादांच्या डावीकडचा कापसाचा गठ्ठा त्यांनी गुडघ्याने सारला आणि त्यांच्या कानाशी वाकल्या. उस्तादांची मान नेहमीसारखी कलती झाली. डोळे मिटले गेले.

"बोला, भावजी. उजवीकडे काय सांगू?"

उस्तादांनी डोळे न उघडता घसा साफ केला. मग म्हणाले, "सांगा त्या दरवानाला. तोफेचं दार लावायला त्याचा हात कायम उशिरा."

वहिनी निघाल्या. मागच्या मागे, पूर्ण चक्कर. चालता चालता त्यांनी ते वाक्य उसवलं, गुठळी मोकळी केली, परत भरलं. दरवानाच्या उजव्या कानाशी पोचेपर्यंत ते असं झालं होतं: "उस्ताद म्हणतात, तुमच्या दाराचा आवाज अजून त्यांच्या कानात आहे."

दरवानाची हनुवटी थरथरली. "कुठल्या कानात? त्यांचा तो कान तर दारानेच नेला." आणि मग हळूच, "सांगा, त्यांच्या हुकुमाशिवाय मी घरातलंही दार कधी लावलं नाही. बायको ओरडते."

हे पिंजायची गरज नव्हती. वहिनींनी ते तसंच नेलं. अशा दोन-चार फेऱ्या झाल्या. गुडघे बोलायला लागले, पण वहिनी थांबल्या नाहीत. मग मुद्द्याची गोष्ट आली. नेम्याने विचारलं, "ते सगळं ठीक. पण चाक कुणाचं?"

आणि वहिनी आयुष्यातलं दुसरं खोटं बोलल्या.

"हे मला सांगून गेले होते," त्या म्हणाल्या. यांनी काही सांगितलं नव्हतं. यांना विचारलं की हसायचे. "हे म्हणाले, दोन्ही. दोन्ही चाकं एकदम रुतली. म्हणून तर तोफ सरळ राहिली."

एवढं बोलून त्या उजव्या टोकाला निघाल्या, तेच दोघांच्या कानांत सांगायला. मागे नेम्या उठला की आपलं बिंग फुटलं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

नेम्या उठलाच. खिडकीच्या फळीपाशी जाऊन उभा राहिला, दाभण हातात घेतलं, आडवं धरलं, एक डोळा मिटला. तोफ सपाट आहे की कललीय हे बघायला तोफेवर पाणसळ असते, काचेच्या नळीत पाणी आणि त्यात बुडबुडा. तोफ डावीकडे कलली तर बुडबुडा उजवीकडे पळतो, उजवीकडे कलली तर डावीकडे. दर गोळ्यानंतर तो मधोमध आणायला नेम्याची बोटं सोलून निघायची.

"त्या दिवशी," नेम्या म्हणाला, कुणाला म्हणाला कोण जाणे, "बुडबुडा हलला नाही. एकदाही. मी इतकी वर्षं समजत होतो की माझा हात बसला." तो वळला. "एक चाक रुतलं असतं तर बुडबुडा कडेला जाऊन बसला असता. नदीत कलत्या तोफेने नेम लागतो होय? तो मधोमध होता. दोन्ही रुतली होती. सारखी."

वहिनी पैलवानाच्या खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या. आपण थाप मारली आणि ती खरी निघाली, अशा वेळी माणसाने काय करायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांना वाटलं, हे असते तर असे हसले असते की कापूस उडाला असता.

नेम्याचं बोलणं उजव्यांना ऐकू गेलं नव्हतं. दोघं वहिनींकडे बघत होते. टपालाची वाट बघत होते. वहिनी आधी पैलवानाच्या कानाशी वाकल्या, मग दरवानाच्या, आणि सगळं सांगितलं, दाभणासकट. पैलवानाने ऐकलं, उठला, त्या जड पावलांनी मधली खुर्ची ओलांडून डावीकडे गेला आणि नेम्याला असा मिठीत घेतला की नेम्याचे पाय जमिनीवरून सुटले. तोफ चालू असताना कुणी आपली बाजू सोडण्याचा पलटणीतला हा पहिलाच प्रसंग. उस्तादांनी तिकडे दुर्लक्ष केलं. त्यांनी नाक शिंकरलं आणि खिडकीबाहेर बघितलं.

समोर सलूनवाला दारात उभा होता. चौघं परत एकत्र बघून त्याला इतकं हायसं वाटलं, की त्याने हातातला पांढरा टॉवेल डोक्यावर धरून जोरजोरात हलवला.

"शत्रू शरण आला," उस्ताद म्हणाले. "मारा बंद."

मग ते सगळं झालं, जे झालंच नाही असं आपलं ठरलं होतं. इतिहास छापून आला. त्यात नदीच्या दिवसाखाली लेफ्टनंटने लिहिलंय, की दोन्ही चाकं समान रुतल्यामुळे तोफ स्थिर राहिली, आणि त्याखाली, की तोफेवरील एका जवानाची श्रवणशक्ती त्याच्या पत्नीच्या उशीमुळे वाचली. वरिष्ठांनी हे वाक्य दोनदा खोडलं, त्याने तीनदा लिहिलं. त्याच्या मिशाही आता जरा दिसतात.

वहिनी मधल्या खुर्चीत बसत नाहीत. त्यांची जागा खुर्चीमागची, चालायची. पण गुडघे साथ देईनात, तेव्हा एका रविवारी चौघांनी मिळून मजकूर सांगितला, वहिनींनी तो कानाकानांतून गोळा केला, यथावकाश पिंजला, आणि लेफ्टनंटने सुवाच्य अक्षरात लिहून पाठवला. तो असा:

प्रति, मा. मुख्यालय, तोफखाना.

विषय: दिवंगत जवानास साप्ताहिक रजा मंजूर होणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, आमच्या तोफेवरील गोळा सारणारा जवान, ऊर्फ टपाल, हा गेल्या थंडीपासून गैरहजर आहे. तो सध्या कोणत्या ठाण्यावर नेमणुकीस आहे याची नोंद आमच्याकडे नाही. आपल्याकडे असल्यास कळवावे. त्याच्या जागी त्याच्या पत्नी बदली म्हणून काम पाहत असून त्यांचे काम उत्कृष्ट आहे, तथापि त्यांच्या गुडघ्यांचा विचार होणे आवश्यक आहे. तसेच त्यांना त्याला एक गोष्ट सांगावयाची आहे, जी अन्य कोणाच्या मार्फत पाठविण्यास त्या तयार नाहीत. सबब सदर जवानास दर रविवारी दुपारी, चहाच्या वेळेपुरती, पगारी अथवा बिनपगारी रजा मंजूर करण्यात यावी, ही नम्र विनंती. प्रवासाची सोय न झाल्यास त्याने चालत यावे. वाट त्याच्या पायाखालची आहे. कानात घालण्यासाठी कापूस सोबत आणण्याची आवश्यकता नाही. घरी आहे.